पुतळाबाईचा वारा

मित्रांनो, मी एक ताडपत्री आहे. वयाने जुनी, पण एकदाही न वापरलेली. अठरा फूट लांब, बारा फूट रुंद, पांढरी, चारही कडांना रिंगा ठोकलेली. माझ्या अंगावर निळ्या अक्षरांत छापलं आहे, 'आपत्तीग्रस्तांच्या मदतीसाठी. विक्रीसाठी नाही.' छापणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याला सांगितलं ते त्याने छापलं. पण ही दोन वाक्यं अंगावर घेऊन मी पाच वर्षं काल्हेरच्या एका गोदामात पडून राहिले, आणि त्यातलं दुसरं वाक्य तेवढं खरं ठरलं.

तुम्ही शाळेत छत्रीचं, फाटक्या पुस्तकाचं, नाहीतर बंद पडलेल्या घड्याळाचं आत्मवृत्त लिहिलं असेल. ती सगळी बिचारी झिजलेली असतात. आयुष्यभर राबतात आणि मग अडगळीत पडतात. मला त्यांचा हेवा वाटतो. माझी गोष्ट झिजण्याची नाही. ऐकायची तर ऐका, पण ती गोड लागेल अशी आशा ठेवू नका.

माझा जन्म भिवंडीतल्या कामतघरचा. प्लास्टिकच्या पट्ट्या विणून केलेलं कापड मोठ्या रोलमध्ये बाहेरून यायचं, पण त्या कापडाची ताडपत्री व्हायची ती कामतघरला, सत्तारशेठच्या शेडमध्ये. त्या शेडमध्ये आधी कापड विणायचे लूम होते. धंदा बसला तसे सत्तारशेठनी ते भंगारात काढले, आणि जागा ओस पडू नये म्हणून ताडपत्र्या शिवायला घेतल्या. मी जन्मले तेव्हा लूम जाऊन वर्ष झालं होतं, तरी भिंतींना तेलाचा वास येत होता आणि फरशीवर लूमच्या पायांचे चौकोन दिसत होते.

कडा दुमडून शिवायचं आणि रिंगा ठोकायचं काम सत्तारशेठची धाकटी बहीण कुबरा करायची. तिचा हात कडक होता. एकही रिंग वाकडी बसलेली तिला खपायची नाही. शेवटची रिंग ठोकून झाली की ती प्रत्येक ताडपत्रीवर तळहात मारायची आणि म्हणायची, "चल, कोणाच्या तरी डोक्यावर जा. बस, तेवढंच काम तुझं." दिवसभरात असं शंभरदा म्हणूनही तिला कंटाळा यायचा नाही. मी ते मनावर घेतलं. नव्या वस्तू सगळंच मनावर घेतात.

आम्हा पाच जणींचा एक गठ्ठा बांधला गेला. असे पुष्कळ गठ्ठे टेम्पोत चढले आणि काल्हेरला उतरले. तिथे ओळीने गोदामंच गोदामं आहेत. कुणात टीव्ही, कुणात चपला, कुणात बिस्किटं. आमच्या गाळ्यात मदतीचं सामान होतं: ताडपत्र्या, दोरखंड, बादल्या, चादरी. एका मोठ्या संस्थेने जगात कुठेही वादळ आलं की पाठवायला म्हणून ते भरून ठेवलं होतं. पत्र्याचं उंच छत, खाली गुळगुळीत जमीन, भिंतीवर पाटी: 'आधी आलेला माल आधी पाठवा.' ती पाटी वाचून मला हायसं वाटलं होतं. आम्ही आधी आलो होतो.

पण मित्रांनो, पाटी भिंतीला असते आणि गाडी दाराला लागते. आम्हाला मागच्या भिंतीशी थप्पी लावून ठेवलं. नंतरचा माल आला, तो आमच्या पुढे लागला. त्याच्यानंतरचा त्याच्याही पुढे. थप्प्यांच्या मधून जायला सोडलेली वाट हळूहळू माणूस जाईल पण गठ्ठा निघणार नाही एवढीच उरली. गाडी लागली की हमाल पुढून उचलतील की मागून? समोरची थप्पी सोडून मागच्या भिंतीपर्यंत कोण कशाला जाईल? फोनवर साहेब म्हणत असायचे, ताबडतोब निघालं पाहिजे, आत्ताच्या आत्ता. अशा घाईत काल आलेल्या ताडपत्र्या आज निघायच्या आणि आम्ही भिंतीला पाठ लावून हमालांचे पाय बघत बसायचो. यात कुणाची लबाडी नव्हती, हेच मला जास्त लागतं. लबाडी असती तर कुणावर तरी चिडता आलं असतं.

गोदामाचा सुपरवायझर फहाद. भिवंडीतलाच, तिशीतला, अंगाने सडपातळ, मनाने मऊ. त्याने स्विचबोर्डच्या बाजूला एक छापील यादी चिकटवली होती. आपल्याकडच्या समुद्रातल्या वादळांची नावं आधीच ठरलेली असतात, हे मला त्या यादीवरून कळलं. तेरा देश पाळीपाळीने नावं देतात. एखादं वादळ येऊन गेलं की फहाद लाल पेनाने त्या नावावर काट मारायचा. दुसऱ्या समुद्रांतल्या वादळांची नावं तो यादीच्या कडेला हाताने लिहायचा. त्या कडेवरून आणि त्याच्या फोनवरच्या बातम्यांवरून मी जग शिकले.

माझ्या आयुष्यातलं शेवटचं सबंध वर्ष म्हणजे दोन हजार तेवीस. त्या वर्षी समुद्रांना काय झालं होतं कोण जाणे. फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या बाजूला फ्रेडी नावाचं वादळ उठलं. ते सबंध हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेपर्यंत गेलं, मादागास्करवरून मोझांबिकवर, तिथून परत समुद्रात, आणि पुन्हा फिरून मोझांबिकवर. पाच आठवड्यांहून जास्त दिवस ते जिवंत होतं. मलावीत डोंगर खाली आले आणि माणसं चिखलात गेली. आमच्या गोदामातून एक कंटेनर भरून निघाला. पुढची थप्पी निम्मी झाली, आणि आठवड्यात तिथे नवी थप्पी लागली. मे महिन्यात मोखा आलं, म्यानमारवर. पुन्हा कंटेनर, पुन्हा पुढची थप्पी. मी मनात म्हणायचे, आता तरी. माझ्या बाजूच्या गठ्ठ्यातल्या ताडपत्र्या तर म्हणायच्याच बंद झाल्या होत्या.

आता सोनीबद्दल सांगते. तिच्यासाठीच मी हे सगळं सांगायला बसले आहे.

सोनी पडघ्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरून यायची. सकाळच्या टेम्पोत आठ-दहा बायका कोंबून काल्हेरच्या गोदामांवर उतरायच्या, त्यांतली ती एक. गोदाम झाडायचं, फाटलेले गठ्ठे पुन्हा बांधायचे, लेबलं चिकटवायची, हे तिचं काम. दुपारी भाकरी खायला ती मागच्या भिंतीशी यायची, कारण तिथे गारवा होता. बरोबर माझ्या गठ्ठ्याला पाठ टेकून बसायची आणि शेजारच्या बाईशी बोलायची. पाच वर्षांत मला जी काही ऊब मिळाली ती तिच्या पाठीची.

त्या बोलण्यातून तिचं घर मला पाठ झालं. कुडाच्या भिंती, वर शेणमाती, छपराला पेंढा आणि त्यावर थोडी कौलं. घरात तिघं. ती, तिचा नवरा बाबू आणि सासरा बुधा. बाबू दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचा आणि पावसाआधी परतायचा. बुधाला डोळ्यांनी कमी दिसायचं आणि गुडघे उचलत नव्हते, म्हणून तो दिवसभर मागच्या भिंतीशी, चुलीच्या बाजूला बसून असायचा. सोनी म्हणायची, "म्हातारा भिंतीला टेकून बसतो का भिंत म्हाताऱ्याला, ते काय समजत न्हाय." मला हसू यायचं. मीही भिंतीलाच होते ना.

जूनमध्ये अरबी समुद्रात बिपरजॉय उठलं. बंगालीत त्याचा अर्थ आपत्ती असा होतो, असं फहादने सगळ्यांना वाचून दाखवलं. बरेच दिवस ते समुद्रातच रेंगाळलं, म्हणून इकडचा पाऊसही लांबला. ते मुंबईपासून दूर होतं, पण त्याच्या काठाकाठाने जोराचं वारं सुटायचं. अशाच एका दुपारी पाड्यावर वारा आला आणि सोनीच्या घराचं छप्पर घेऊन गेला. पेंढा शेतात, कौलं अंगणात, वासे उघडे. सोनी त्या वेळी गोदामातच होती. फोन आला तेव्हा ती कच्छला जाणाऱ्या ताडपत्र्यांवर लेबलं चिकटवत होती. फोन ठेवून तिने राहिलेली लेबलं चिकटवली आणि मग फहादकडे गेली.

"फहादभाई, घराचा छप्पर गेला. येक ताडपत्री दे. पाऊस लागाच्या आत टाकू."

फहादचा चेहरा पडला. "सोनीताई, माझ्या हातात असतं तर दोन दिल्या असत्या. पण सिस्टीममध्ये टाकल्याशिवाय गेटपास निघत नाही. कुठल्या वादळासाठी, ते भरावं लागतं."

"मंग ह्याच वादळासाठी. काय तो बिपर."

त्याने भरून पाहिलं. बिपरजॉयपुढे कच्छ आणि सौराष्ट्रातले जिल्हे येत होते. ठाणे जिल्हा त्यात नव्हता. खाली 'स्थानिक वादळ' असा एक पर्याय होता, पण तो निवडला की पुढे चौकोन यायचा, 'वादळाचे नाव', आणि तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. फहादने तिला उद्या बघू असं सांगितलं. त्याच्या पुढे कच्छची गाडी उभी होती.

दुसऱ्या दिवशी सोनी बुधालाच घेऊन आली. तिला वाटलं, म्हाताऱ्याला पाहून तरी साहेबलोकांना दया येईल. टेम्पोतून त्याला दोघींनी उतरवलं आणि आत आणून मागच्या गारव्याला बसवलं, माझ्याच गठ्ठ्यावर. त्याचं वजन असं ते किती? पण त्या दिवशी पहिल्यांदाच एका माणसाने आपला सगळा भार माझ्यावर टाकला होता, आणि मला वाटलं की आता माझं नशीब उघडलं.

फहाद लॅपटॉप घेऊन मागेच आला, कारण म्हाताऱ्याला पुढे चालवत नेण्यापेक्षा ते सोपं होतं. त्याने सगळं समजावून सांगितलं. बुधाने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्या वादळांना नावां कोन ठेवतं?"

"देश ठेवतात, बाबा. तेरा देश आहेत. बांगलादेश, ओमान, इराण, आपला भारत. पाळीपाळीने."

"बरां. मंग येक पाळी आमचे पाड्याची."

फहाद हसला. सोनीही पदर तोंडाला लावून हसली. बुधा मात्र हसत नव्हता. त्याला ते अगदी रास्त वाटत होतं. ज्याच्याकडे वारा आला त्याने नाव द्यावं, यात चुकीचं काय? मग तो म्हणाला, "पुतळाबाई लिव्ह."

पुतळाबाई म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन दहा वर्षं झाली होती. "ती पन अशीच," बुधा म्हणाला. "न सांगता याची. आल्या आल्या भांडी उडवाची. नि घडीभरानं बघावं तं गपगार, जसा काय झालाच न्हाय. ह्यो वारा तिचाच हाय."

मित्रांनो, फहादची चूक इथे झाली. त्याला वाटलं, यंत्राला काय, चौकोन भरला की झालं. वर कुणी वाचतच नसेल. त्याने चौकोनात 'पुतळाबाई' असं टाईप केलं, आणि खरंच पुढचं पान उघडलं. कुटुंबातली माणसं, तीन. ताडपत्री, एक. त्याने बटण दाबलं आणि अंगठा वर केला. "गेली, सोनीताई. रिक्वेस्ट गेली."

बुधाने माझ्यावर हात फिरवला. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं म्हणून तो बोटांनी बघत होता. "चांगली जाड हाय," तो म्हणाला. मला कुबराचा तळहात आठवला. कोणाच्या तरी डोक्यावर. हेच ते डोकं, मी ठरवून टाकलं.

सोनी घरी गेली ती ताडपत्री येतेय असं सांगतच. बाबूच्या भट्टीवाल्याने विटा झाकायचं जुनं प्लास्टिक देऊ केलं होतं. भोकाभोकाचं, पण दुहेरी टाकलं तर पाणी अडवणारं. सोनी म्हणाली, नको, ते दुसऱ्या कुणाला दे, आमची चांगली येतेय. भट्टीवाल्याने ते पाड्यावरच्याच दुसऱ्या घराला दिलं. यात तिचं काय चुकलं? दर वादळाला हजारो ताडपत्र्या तिच्या हाताखालून बाहेरगावी, परदेशी जात होत्या. आपण नाव घालून मागितलेली एक येणार नाही, असं तिला का वाटावं?

मोठ्या ऑफिसात ते नाव वाचलं गेलं. तिथे भूपेश नावाचे साहेब होते. त्यांनी पडद्याचा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. अरबी समुद्रात बिपरजॉय आणि पडघ्यात पुतळाबाई. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. फहादही त्या ग्रुपवर होता. मग त्याला पत्र आलं, की मदतीची यंत्रणा ही थट्टेची जागा नाही, अशा नावाचं कोणतंही वादळ नोंदलेलं नाही, विनंती रद्द, आणि पुन्हा असं झाल्यास कारवाई.

ते पत्र त्याने स्विचबोर्डपाशी उभं राहून वाचलं. सोनी तेव्हा माझ्या बाजूला झाडत होती. "आली का, फहादभाई?" तिने विचारलं. आणि मऊ मनाच्या त्या माणसाने सांगितलं, "प्रोसेस चालू आहे." लाजेपोटी सांगितलं, मला ठाऊक आहे. तिचं हसं झालं हे तिला कळू नये म्हणून सांगितलं. पण ते तो रोज सांगत राहिला, पंधरा जूनला बिपरजॉय कच्छच्या किनाऱ्यावर चढलं तरी, त्याच्या नावावर लाल काट पडली तरी. मऊ माणसांचा मला फार राग येतो. कडक माणूस नाही म्हणाला असता तर सोनीने त्याच दिवशी भट्टीवाल्याचं प्लास्टिक नेलं असतं.

मी तिथेच होते. तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावर. कितीदा मनात आलं, चोर मला, सोनी. गठ्ठ्याची दोरी कापायला तुला किती वेळ लागतो? पण गेटवर बायकांच्या पिशव्या उघडून बघतात, आणि अठरा फुटांची ताडपत्री लुगड्यात लपत नाही. शिवाय तिला चोरायचं नव्हतंच. तिने रीतसर मागितली होती.

पंचवीस जूनला पाऊस लागला. मग फहादने खरं सांगितलं. सोनी भांडली नाही. फक्त त्या दिवसापासून दुपारची भाकरी ती दाराशी बसून खाऊ लागली. माझ्या गठ्ठ्याशी परत आली नाही.

पुढचं मी दुसऱ्या बायकांच्या तोंडून ऐकलं. भट्टीचं प्लास्टिक कधीच वाटलं गेलं होतं. बाबूने पडघ्याच्या नाक्यावरून एक फ्लेक्स काढून आणला, कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा, आणि तो वाशांवर बांधला. घरात झोपलं की वरून पुढारी हात जोडून हसायचा. बुधाला तेवढं बरं होतं, त्याला तो दिसत नव्हता. जुलैत पावसाने जोर धरला तेव्हा फ्लेक्स मधून फाटला. पाणी भिंतीवरून उतरायचं, मागच्याच भिंतीवरून. कुडावरची माती फुगली. एका सकाळी सोनी चुलीवर पाणी ठेवून लाकडं आणायला बाहेर गेली आणि भिंत खाली बसली. बुधा तिलाच टेकलेला होता. त्याला बाहेर काढलं तेव्हा तो शुद्धीवर होता, पण कंबर मोडली होती. सतरा दिवस काढले त्याने. शेवटी शेवटी म्हणायचा म्हणे, पुतळाबाई आली ती मलाच न्यायला आली, घराला उगाच हात लावला.

त्याच्या दिवसांसाठी सोनीने तीन दिवस सुट्टी घेतली आणि चौथ्या दिवशी ती पुन्हा झाडू घेऊन गोदामात हजर होती.

वर्ष कुणासाठी थांबलं नाही. बुधा गेला त्याच सुमारास डोकसुरी नावाचं वादळ फिलिपिन्सवरून चीनकडे गेलं. ऑक्टोबरमध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर ओटिस आलं. सकाळी ते साधंसं होतं आणि एका दिवसात राक्षसासारखं झालं, माणसांना पळायलाही वेळ मिळाला नाही. फहादने ते नाव यादीच्या कडेला लिहिलं, पण तिकडे आमचा माल जात नव्हता. डिसेंबरमध्ये मिचाँग आलं आणि चेन्नई पाण्यात गेली. पुन्हा गाडी, पुन्हा पुढची थप्पी. त्या माणसांना ताडपत्र्या मिळाल्या याचं मला दुःख नाही. त्यांचंही छप्परच गेलं होतं. मलावीतल्या म्हाताऱ्याला पाऊस लागतो तसाच पाड्यावरच्या म्हाताऱ्याला लागतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

वर्ष संपायला आठवडा असताना भूपेश साहेब मालाची तपासणी करायला आले. पाच वर्षांत पहिल्यांदा पुढच्या सगळ्या थप्प्या एकदम बाजूला केल्या गेल्या आणि आमच्यावर उजेड पडला. साहेबांनी लेबल वाचलं. तारीख दोन हजार अठराची. "अरे, हा माल इथे कसा राहिला?" त्यांनी विचारलं. फहादने पाटीकडे बघितलं आणि खाली बघितलं.

"माल चांगला आहे सर," तो म्हणाला. "ओढून बघा."

साहेबांनी एक कोपरा धरून ओढला. मी हूं का चूं केलं नाही. कुबराची शिवण होती ती. पण ते म्हणाले, "मुदत पाच वर्षांची आहे. संपली. नियमाप्रमाणे नष्ट करायचा. मधोमध कापा, म्हणजे कुणी बाजारात नेऊन विकणार नाही. कापल्याचे फोटो पाठवा."

कापायचं काम बायकांना दिलं. हमालांना गाडी भरायची होती. सोनीच्या हातात कटर आला.

आमचा गठ्ठा तिच्या वाट्याला आला, का तिने तो मुद्दाम घेतला, मला सांगता येणार नाही. तिने दोरी कापली आणि मला बाहेर काढून जमिनीवर पसरलं. मित्रांनो, पाच वर्षांत मी प्रथमच पूर्ण उलगडले. घड्यांच्या रेघा सोडल्या तर अंगावर डाग नव्हता. सोनी माझ्याभोवती फिरली. मग ती लांबीच्या बाजूने पावलं टाकत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि रुंदीच्या बाजूनेही तशीच. तोंडाने मोजत होती. मोजून झाल्यावर शेजारच्या बाईला म्हणाली, "येवढाच होता आमचा घर. दोन्हीकडून वळचन पन झाकली असती."

आणि ती खाली बसली, माझा मध्य शोधला आणि कापलं. सरळ, एका रेषेत. तिच्या कामात खोट काढायला जागा नसायची. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण तिच्यापुढे अजून पुष्कळ गठ्ठे होते आणि टेम्पो सुटायच्या आत ते संपवायचे होते.

संध्याकाळी साहेब गेल्यावर फहाद तिच्याजवळ आला. "सोनीताई, आता हे कचऱ्यात गेलं. गेटपास लागत नाही. दोन तुकडे घेऊन जा, शिवून घे."

सोनीने कटर पुसून त्याच्या हातात दिला. "आता कोनावर घालू, फहादभाई?"

तिचं घर पडलं ते परत उभं राहिलं नव्हतं. बाबू भट्टीवर गेला होता आणि ती बहिणीच्या ओसरीवर राहत होती. फहादला हे माहीत होतं. तरी तो बोलून बसला, कारण काहीतरी देऊन मोकळं व्हायची त्यालाही घाई झाली होती.

आता मी कुठे आहे, सांगते. त्याच गोदामात. छताच्या अँगलवर कबुतरं बसतात आणि नव्या मालावर घाण करतात. म्हणून माझे दोन्ही तुकडे नव्या ताडपत्र्यांच्या थप्पीवर टाकले आहेत. माझ्यावर छापलेलं पहिलं वाक्य बरोबर मधून कापलं गेलं आहे. एका तुकड्यावर 'आपत्तीग्रस्तांच्या' आहे आणि दुसऱ्यावर 'मदतीसाठी'. खाली नव्या ताडपत्र्या कुजबुजतात, आपण कुठे जाणार, आधी कोण जाणार. पुढच्या थप्पीतल्या आहेत, जातील. मी त्यांना काही सांगत नाही.

अशा गोष्टीच्या शेवटी आमच्यासारख्यांनी तुमच्याकडे काहीतरी मागायचं असतं. मला जपा, घडी नीट घाला, उन्हापावसात टाकू नका. मित्रांनो, मला जपलं गेलं. इतकं जपलं की मला पाच वर्षांत ना ऊन लागलं ना पाण्याचा थेंब. मला तसलं जपणं नको होतं. तुमच्या घरात, शाळेत, कपाटात कुणासाठी तरी राखून ठेवलेलं काही असेल, तर दारात आलेल्या माणसाला ते द्या. त्याच्यावर आलेल्या वाऱ्याचं नाव काय, हे नंतर विचारा. नाही विचारलं तरी चालेल.

स्विचबोर्डच्या बाजूची ती यादी अजून तिथेच आहे. मिचाँगवर काट पडली आणि आता पुढची नावं उरली आहेत, रेमल, असना, दाना, फेंगल. ती वादळं अजून यायची आहेत, पण त्यांच्यासाठी ताडपत्र्या मोजून तयार आहेत. सोनी चौथीपर्यंत शिकली आहे. सकाळी झाडू मारता मारता ती त्या यादीपाशी थांबते आणि एकेका नावावर बोट ठेवत वरपासून खालपर्यंत वाचते. रोज वाचते. पुतळाबाई त्यात अजून आलेली नाही.